मूर्तिजापूरचं शून्य

मूर्तिजापूरच्या गुरुवारपुढे शून्य आलं आणि पायलचा हात माऊसवर थांबला.

"झालं ना मंग?" शेजारच्या खुर्चीतून चंद्रभान उठलेच. ते कालव्याच्या कार्यालयातले अभियंता. नवा जोड चालतो की नाही, ते बघायला अकोल्याहून अमरावतीला आले होते. परतीच्या गाडीची घाई होती.

पावसाचे आकडे पाहून कोणत्या भागाला आधी पाणी सोडायचं, ते जुना प्रोग्रॅम ठरवायचा. आजवर आकडे कारकून हाताने भरत. आता ते वेब सर्व्हिसमधून, म्हणजे इंटरनेटवरून थेट, येणार होते. त्या सर्व्हिससाठी लागणारे क्लासेस, म्हणजे कोडचे साचे, संगणकानं आपोआप तयार करून दिले होते. जुना कोड त्यांना जोडायचा, एवढंच पायलचं काम.

"हे शून्य खोटं आहे, साहेब."

"खोटं कसं? शून्य म्हंजे पाऊस नाई. मूर्तिजापूरले पानी पयले."

तिनं तयार क्लास उघडून दाखवला. आकडा आलाच नाही, तर तो क्लास तिथे आपलं शून्य ठेवत होता. आकडा खरंच आला का, हे सांगणारी वेगळी खूण बाजूला होती. तिथे 'नाही' होतं. पण जुन्या कोडला ते विचारायचं ठाऊक नव्हतं. कारकुनांच्या काळात रिकामी जागा रिकामीच दिसायची.

"म्हंजे मोजलाच नाई!" चंद्रभान हसले. "पाऊस मोजनारा सासरवाडीले गेला असन लेकाचा. आमचीच मानसं, काय सांगू तुमाले."

पायल हसली नाही. शून्य तसंच गेलं तर पाणी भिजलेल्या शेतांकडे वळणार होतं. कालव्याच्या टोकाच्या गावांची पाळी हुकणार होती, आणि तिथली कपाशी आधीच माना टाकून उभी होती.

तयार क्लासमध्ये हात घालण्यात अर्थ नव्हता. तो पुन्हा तयार झाला की केलेले बदल पुसले जातात. तिनं मधे स्वतःचा एक छोटा क्लास लिहिला. आकडा आला असेल तरच तो पुढे सोडायचा. नसेल तर 'नोंद नाही' म्हणून थांबायचा, माणसाला विचारायचा.

"कायले एवढा खटाटोप? अंदाजानं वीस-पंचवीस टाका अन् मोकळ्या व्हा. पाऊस झाला, हे पक्कं ना?"

"पक्कं. पण मोजलेला नाही."

"तुमाले कसं ठाऊक पन?"

"गुरुवारी मी तिथंच होती. दुपारभर सरण पेटत नव्हतं. शेवटी वर ताडपत्री धरून उभे राहिलो."

चंद्रभान हळूच खाली बसले. "कोनाचं सरण, ताई?"

"माझ्या बाबांचं," पायल म्हणाली. "मूर्तिजापूरचा पाऊस तेच मोजत."