बेप्पूला नको

सतरा वर्षांच्या शिओरीने मैत्रिणीच्या नादी लागून, वय चोरून, पाठीवर टॅटू काढून घेतला. तळहाताएवढा निळा मासा. घरी पत्ता नव्हता. त्याच महिन्यात, वर्षभराच्या आजारपणातून उठलेली आई म्हणाली, "चल, दोघी बेप्पूला जाऊ. लहानपणीसारखी तुझी पाठ चोळून देते."

तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात अंगावर धागाही न ठेवता उतरायचं, आणि दारावरच पाटी, टॅटूवाल्यांना मज्जाव. शिओरीने एकदा परीक्षा पुढे केली, एकदा सर्दी. तिसऱ्यांदा आईने जेवताना विचारलं, तेव्हा शिओरीच्या सबबी संपल्या होत्या.

"मला नाही यायचं गं तुझ्याबरोबर!" ती खेकसली. आईचा उतरलेला चेहरा बघून तिला स्वतःचीच लाज वाटली. सांगून टाकावं, म्हणून तिने तोंड उघडलं.

पण आईच आधी बोलली. भाताचा वाडगा खाली ठेवत, अगदी हळू आवाजात.

"कळतं गं मला. ऑपरेशनमध्ये एका बाजूची छाती काढलीय माझी, ते तुला बघवत नाही. मी टॉवेल घट्ट धरून ठेवीन. तू लांब बसलीस तरी चालेल."