अंगठ्यावरचं कुंकू

"आटपा लवकर, ढोमसेमामा!" शस्त्रागाराच्या खिडकीतून फौजदार गावित मॅडम ओरडल्या. बाहेर जीप सुरू होती. कुणीतरी एका मुलीला शेडमध्ये कोंडून बसला होता, बंदुकीसकट. आणि मॅडमच्या पिस्तुलातल्या स्प्रिंगच्या रॉडला बारीक तडा गेलेला. तो तुटला, तर पहिल्या गोळीनंतर पिस्तूल अडकणार.

तडा गेलेला रॉड काढून मी नव्याशेजारी फडक्यावर ठेवला, तोच फोन वाजला. "निघाले का?" मोठे साहेब. फोन आपटला, रॉड उचलला, अंगठ्याने तेल चोळून बसवला. मॅडम पिस्तूल घेऊन पळाल्या.

उरलेला रॉड भंगारात टाकताना माझा अंगठा दिसला. तेलात भिजलेलं कुंकू! दसऱ्याला मी प्रत्येक हत्यार उघडून आतल्या भागांनाही कुंकू लावतो. बाकीचे हसतात, हसू देत. पण नवा रॉड तर कालच आलाय. त्याला कुंकू कुठलं?

तो रॉड मुठीत धरून मी धावत सुटलो आणि जीपच्या पुढ्यातच उभा राहिलो.

"मॅडम, जुनाच बसवलाय मी. हे बघा, अंगठ्याला त्याचं दसऱ्याचं कुंकू. चूक झाली."

बत्तीस वर्षांत हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. मॅडमनी गोळ्या काढून पिस्तूल दिलं. बॉनेटवरच जुना रॉड काढला, हात शर्टाला खसाखसा पुसले, नवा बसवला आणि पिस्तूल पुढे केलं.

त्यांनी घेतलं नाही.

"आधी अंगठा दाखवा, मामा."

मी दाखवला. नुसतं तेल होतं.