कडेची भेग

भेग इतकी बारीक होती, की तिच्यात करवंदीचा काटा जेमतेम शिरला असता. डांबराच्या कडेपासून वीतभर आत ती रस्त्याबरोबर सरळ गेली होती. सयाजी तिच्याजवळ उकिडवा बसला होता. कशेडीकडून लाकूड भरलेला ट्रक उतरला. त्याचं चाक जवळून गेलं, तसा भेगेतून गढूळ पाण्याचा एक थेंब वर आला; चाक पुढं गेलं आणि थेंब पुन्हा आत ओढला गेला. मार्गशीर्ष लागला होता. आभाळात पावसाचा मागमूस नव्हता.

पोलादपूरच्या पुढच्या या टप्प्यावर सयाजी मुकादम होता. पाऊस सरला की गटारं उपसून घ्यायची, भेगा बुजवायच्या, खड्डा पडायच्या आधी त्याची जागा ओळखायची, हे त्याचं काम. ही भेग त्यानं गेल्या वर्षी बुजवली होती, त्याच्या आदल्या वर्षीही. पाणी वरून मुरत नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. ते बाजूनं येत होतं.

डोंगराचा पाझर कडेच्या गटारातून उतरायचा आणि पुढच्या मोरीतून रस्त्याखालून ओढ्याला जायचा. पण मोरीच्या अलीकडेच सयाजीच्या थोरल्या भावानं, कुशाबानं, आपली बैलगाडी शेतात घालायला गटारात दगडमातीचा भराव टाकला होता. पाणी तिथं अडायचं, तुंबायचं आणि रस्त्याच्या पोटात शिरायचं.

गटार उपसत त्याच्या गँगमधले पांडू आणि रखमा भरावापर्यंत आले. दरवर्षीच्या सवयीनं दोघांनी कुदळ-फावडी खांद्यावर टाकली आणि वळसा घालून पुढं निघाले.

"चल गो रखमे," पांडू म्हणाला, "हितं कुदळ लावायची नाय. ही मुकादमाची देवराई हाय."

रखमा तोंडाला पदर लावून हसली. सयाजीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मुकादम भावाची भीड धरतो, असं सगळी गँग म्हणायची. सयाजीलाही ते ऐकून घ्यायला बरं वाटे. खरी गोष्ट निराळी होती. मोरीच्या पुढं गटार नव्हतं. तिथं सयाजीचं खाचर रस्त्याला सपाट लागून होतं, आणि त्या खाचराला लागून, अलीकडच्या गटाराआड, कुशाबाचं शेत. वाटणी झाली त्याच वर्षी कुशाबानं खाचराच्या कडेनं गाडीपुरती वाट मागितली होती. सयाजी म्हणाला होता, बघू. भात निघालं की त्या खाचरात तो वाल टाकायचा. तिथली ओल माघापर्यंत हटत नसे, आणि तसा वाल महाडच्या बाजारातसुद्धा बघायला मिळत नाही, असं त्याची बायको प्रयागबाई येईल त्याला सांगायची. दुसऱ्या वर्षी कुशाबानं पुन्हा विचारलं, सयाजी पुन्हा बघू म्हणाला आणि खाचराला रस्त्याच्या बाजूनं दगडाचा गडगा घातला. मग कुशाबानं विचारणं सोडलं आणि गटार बुजवलं.

भराव काढला, तर वाटेचा विषय निघणार. म्हणून भराव राहिला, वालही राहिला. भेग तेवढी वाढत गेली.

सयाजीनं पांडूच्या खांद्यावरची कुदळ मागून घेतली आणि दांडा डांबरावर आपटला. बद्द आवाज आला. तो थोडा आत सरकला, पुन्हा आपटला. तिथंही बद्द. गेल्या वर्षी तिथं आवाज टणक होता. आपटत आपटत तो रस्त्याच्या मध्यापर्यंत गेला आणि थांबला. पलीकडच्या कडेला ओढ्याची दरड होती. गणपतीला मुंबईची माणसं भरून एसट्या इथूनच जात. दोघा भावांचे पोरगे एकाच गिरणीत होते. यायचे ते एकाच गाडीनं.

घुंगरं वाजली. कुशाबा रिकामी गाडी घेऊन येत होता. शेतातली भाताची उडवी आज खळ्यावर न्यायची होती. भरावाजवळ उभी माणसं आणि भावाच्या हातातली कुदळ बघून त्यानं कासरा ओढला.

"खणतोस काय रे?"

"रस्ता आतनं पोकळ झालाय, दादा."

"मंग खण. सरकारचा रस्ता हाय." कुशाबा गाडीतून उतरला नाही. "भात काय, मी डोक्यावरनं नेईन. तुला इचारलं तर तू बघू म्हणशील. आनी बघायला आता माझं डोळं राहिलं नाय."

या वेळी रखमा हसली नाही. पांडूनं उगीचच फावड्याची माती झटकली.

सयाजीनं कुदळ खाली ठेवली. तो मोरी ओलांडून पुढं गेला आणि गडग्याशी उभा राहिला. आत वाल दोन पानांवर आला होता. पानांवर अजून दहिवर होतं, आणि ओळी प्रयागबाईनं दोरी धरून टाकल्यासारख्या सरळ होत्या. त्यानं गडग्याचा वरचा दगड उचलून बाजूला ठेवला. मग दुसरा.

बैलांनी माना हलवल्या.

"सया," कुशाबा हळू आवाजात म्हणाला, "वाल उगवलाय तिथं."

सयाजी पुढच्या दगडाला वाकला होता. तो सरळ झाला.

"पांडू, भराव काढायला घे," तो म्हणाला. "आनी दादा, तू गाडी हिकडनं घाल. आजच्यापुरती नाय. ही वाट आता तुझी."