मागचं डावं चाक

"तेहतीस, तेहतीस, बत्तीस, तेहतीस," शशिकांतरावांनी मोबाईलवरचे आकडे वाचले. "हवा व्यवस्थित ठेवते. एवढं तरी शिकली."

पत्नी अंजनीबाई पायात चपला सरकवत होत्या. "भाजी घेऊन येते," एवढंच म्हणाल्या.

बदलापूरच्या कात्रपमधल्या पहिल्या मजल्यावरच्या, मागच्या अंगणाकडच्या गॅलरीत शशिकांतराव एकटे उरले. अंबरनाथच्या कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळले होते. प्रेशर हा त्यांचा विषय. मुलीने, हिमानीने, पुण्यातल्या नोकरीसाठी गाडी घेतली, तेव्हा त्यांनी उल्हासनगरच्या बाजारातून सेन्सर आणले. चारही चाकांच्या व्हॉल्व्हवर ते टोपणासारखे स्वतः बसवले आणि तिच्या आणि आपल्या मोबाईलवर ॲप टाकून घेतलं.

"हवा कमी असली की टायर तापतो," त्यांनी तिला बजावलं होतं. "घाटात फुटला तर देवसुद्धा स्टिअरिंग धरायला येत नाही. आणि हवा नीट असली की बघ, गाडी लोण्यासारखी जाते. चालवावीशी वाटते."

पुढे हिमानी नवऱ्याचं घर सोडून आली. शशिकांतराव म्हणाले, "परत जा. नाहीतर या दारात पाऊल टाकू नकोस." ती त्याच गाडीने पुण्याला निघून गेली. त्याला आता चौदा महिने झाले होते. फोन नाही, मेसेज नाही. अंजनीबाईही घरात तिचं नाव काढत नसत.

ॲप मात्र त्यांनी काढलं नाही. महिन्यातून एखाद-दुसऱ्या शनिवारी, चारच्या सुमारास, आकडे हलायचे. अर्ध्या-पाऊण तासाने थांबायचे. सुट्टीच्या दिवशी गाडी काढत असेल, असा त्यांचा अंदाज. पुण्यातली चाकं बदलापुरात बसून दिसतात, याचं त्यांना मनातून कौतुक होतं. एका शनिवारी ते अंबरनाथला शिवमंदिरात गेले, त्या दिवशी काहीच आलं नाही. गर्दीत नेट मिळालं नसेल, म्हणून त्यांनी सोडून दिलं.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी मोबाईल जोरात वाजू लागला. ॲपवर मागचं डावं चाक लाल झालं होतं. चोवीस. बघता बघता तेवीस.

ते उठले, बसले, पुन्हा उठले. मग त्यांनी नंबर लावला.

तिसऱ्या रिंगला हिमानीने उचलला.

"कुठे आहेस?"

"पुण्यातच. का?"

"मागच्या डाव्या चाकातली हवा चालली आहे. गाडी तशीच हलवू नकोस. स्टेपनी लाव."

"बघते."

"खिळा असेल तर उपटू नकोस. टायरवाल्याला काढू दे."

"हो, बाबा." मग तिने विचारलं, "तुमची शुगर?"

"ठीक आहे." त्यांनी घसा खाकरला. "दिवाळीत काय करते आहेस?"

"येऊ?"

"विचारतेस काय? ये."

अंजनीबाई त्या दिवशी उशिरा परतल्या, तेही रिकाम्या पिशवीने. भाजी चांगली नव्हती, म्हणाल्या. मोरीत बराच वेळ हात धूत उभ्या राहिल्या.

"तिने फोन उचलला," शशिकांतराव दारातून म्हणाले. "दिवाळीला येते आहे."

"बरं झालं," त्या मागे न वळता म्हणाल्या.

सकाळी आकडा तेवीसवरच अडकलेला. तिने स्टेपनी लावली की तशीच गाडी पळवली, काही कळेना. पुन्हा फोन करायला त्यांना संकोच वाटला. ते कोपऱ्यावरच्या धर्मराजच्या टायरच्या दुकानात गेले.

"बघ रे जरा. गाडी पुण्यात आहे, मुलीची. कालपासून आकडा बदलत नाही. माझं नेट तर चालू आहे."

धर्मराजने हात पुसून मोबाईल घेतला, ॲप पाहिलं आणि हसला.

"काका, पुण्याचा आकडा इथे कसा येणार? याला नेट-बिट काही नसतं, हे ब्लूटूथवर चालतं. गाडी तुमच्या घराखाली उभी असेल, तरच दिसणार."