पंचेचाळीस दात्यांचा गिअर

कमलाकांतने वाणगावच्या बंद पडलेल्या गिरणीतला जुना विलायती लेथ उचलून आणला, घासूनपुसून उभा केला आणि मग त्याच्या लक्षात आलं की त्यातला पंचेचाळीस दात्यांचा गिअरच गायब आहे. त्याच्याशिवाय बोल्टवर आटे पडेनात, आणि तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावरचा कंत्राटदार बोल्टांसाठी फक्त दिवाळीपर्यंत थांबणार होता.

त्याने मुंबईचं भंगार पालथं घातलं. थेट विलायतेला पत्र टाकलं. उत्तर आलं की हे मॉडेल आम्ही चाळीस वर्षांपूर्वीच बंद केलं, पण आपल्याकडे ते अजून आहे हे वाचून फार आनंद झाला.

शेवटी बायकोने कांदे आणायला पिटाळलं तेव्हा गिअर सापडला. बोईसरच्या बाजारात, जानू कांदेवाल्याच्या तराजूत, किलोच्या वजनाच्या जागी. गेले चार महिने कमलाकांत त्याच्याकडूनच कांदे नेत होता.

"त्याच गिरणीतला हाय," जानू म्हणाला. "पण तो तुला दिला तर मी तोलू कशान?"

कमलाकांतने पालघरहून सरकारी शिक्क्याचं कोरं करकरीत किलोचं वजन आणून दिलं आणि गिअर घेतला. दसऱ्याला लेथला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, पट्टा चढवला. लेथ झकास फिरू लागला.

तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक दारात आलं. जानूच होता, हातात ते नवं वजन.



"दादा, तुजा किलो जाम जड हाय. जरा घासून त्या गिअरएवढा करून दे."