अंबारीची तालीम

“भागीरथी आता गुडघे टेकणार नाही, दिवाणसाहेब,” माहूत म्हणाला. “टेकलेच, तर पुन्हा उठणार नाही.”

महाराजांच्या रौप्यमहोत्सवाच्या मिरवणुकीची रंगीत तालीम चालली होती. महाराजांपेक्षा उंच कोणी दिसायचं नाही, हा रिवाज सकाळपासून सगळ्यांना बजावून माझा घसा बसला होता, त्यात हे. हत्तीण बसल्याशिवाय महाराज अंबारीत चढणार कसे?

“शेजारच्या संस्थानातून तरणा हत्ती मागवा,” मी खेकसलो.

महाराजांनी ते ऐकलं. ते एकटेच पुढे गेले. गादीवर आले त्या दिवशी त्यांना पाठीवरून नगरात आणणारी हीच भागीरथी. त्यांचा वास येताच तिनं सोंड त्यांच्या खांद्यावर ठेवली आणि सवयीनं पुढचा पाय दुमडू लागली. पाय थरथरत होता.

“राहू दे, बाई. पंचवीस वर्षं तूच वाकलीस. यंदा आम्ही तुझ्यासोबत पायी येऊ.”

आणि महाराजांनी धुळीत गुडघे टेकून तिच्या पायावर डोकं ठेवलं.

कोणाला काही सांगावं लागलं नाही. सरदार, मानकरी, बँडवाले, भालदार सगळे खाली बसले. मीही बसलो, हात कधी जोडले गेले ते कळलं नाही.

एवढ्या मोठ्या मैदानात एकटी भागीरथी उभी होती.