दाराजवळची खुर्ची

मारहाणीतून सुटून आधारगृहात आलेल्या बाईची खुर्ची कायम दाराजवळ ठेवायची, तिची वाट कुणी अडवायची नाही, हा नियम समुपदेशक ताईंनीच घातलेला. तीन आठवडे राहिलेली बाई आज भरलेली पिशवी घेऊन उठली. “नवऱ्याचा फोन होता, ताई. सुधारलाय म्हणतो. निघते मी.” मागच्या खेपेलाही तो असाच सुधारला आणि हिचं मनगट मोडून बसला. स्वतःलाही कळायच्या आत ताई दार अडवून उभ्या राहिल्या. “कुठं जायचं नाही!” बाईनं मान खाली घातली. “नाही जात. पण ओरडू नका.” हे ती घरी कुणाला म्हणायची, ते उमगताच ताई ओशाळून बाजूला झाल्या. वाट मोकळी, तरी बाई जागची हलेना. “मग जाऊ?” ताई गडबडल्या. हो म्हटलं तरी हुकूम, नाही म्हटलं तरी हुकूमच.